जागा चुकलेलें अस्तर

आजच्या भाषणाचा विषय एका रोगाचा इतिहास हा आहे. या रोगाला आपल्या भाषेंत अद्याप घरगुती असें नांव नाहीं; डॉक्टर मंडळी त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, आणि आपणहि तोच शब्द जड जिभेनें उच्चारतों. नांव नसलें म्हणून रोग नवखा ठरत नाहीं. पाळीच्या दिवसांत एखादी मुलगी पोट धरून निजून राहते, शाळा बुडते, अन्न जात नाहीं, आणि घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पाळी म्हटली कीं दुखायचेंच. लग्न होऊन एक मूल झालें कीं आपोआप थांबेल." हा उपदेश केवळ आजीबाईंच्या बटव्यांतला आहे अशी आपली समजूत असेल, तर ती खरी नाहीं. अमेरिकेंतील एका नामांकित शस्त्रवैद्यानें विसाव्या शतकाच्या मध्यास हाच उपदेश वैद्यकाच्या नियतकालिकांतून केला होता. ज्या निरीक्षणावर त्यानें तो उभारला, तें निरीक्षण खोटें नव्हतें. त्याच निरीक्षणांतून त्याच शहरांतल्या दुसऱ्या एका डॉक्टरानें औषधाची वाट काढली. हें कसें घडलें तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप. गर्भाशयाच्या आंतल्या बाजूस एक मऊ अस्तर असतें. अंडकोशांतून रक्तांत मिसळणाऱ्या ईस्ट्रोजेन नांवाच्या हॉर्मोनमुळें तें दर महिन्यास जाड होतें; प्रोजेस्टेरॉन नांवाच्या दुसऱ्या हॉर्मोनमुळें तें गर्भाच्या स्वागतास सिद्ध होतें; आणि गर्भ राहिला नाहीं कीं दोन्हींचें प्रमाण ओसरतें व अस्तर गळून रक्ताबरोबर बाहेर पडतें. एंडोमेट्रिओसिसमध्यें या अस्तरासारखींच पेशींचीं बेटें गर्भाशयाच्या बाहेर आढळतात. अंडकोशावर, गर्भाशयामागच्या खळग्यांत, आंतड्यावर, मूत्राशयावर. जागा चुकली तरी त्यांचा स्वभाव बदलत नाहीं. तींहि ईस्ट्रोजेनवर पोसतात आणि महिन्याच्या महिन्यास रक्त ढाळतात. पण त्या रक्ताला बाहेर जाण्यास वाट नसते. तेथल्या तेथें दाह होतो, व्रण पडून अवयव एकमेकांस चिकटतात, अंडकोशांत जुनें रक्त सांचून गडद तपकिरी गांठी होतात. पुढें पुढें दुखणें पाळीपुरतें राहत नाहीं. शौचाच्या वेळीं, पतिसमागमाच्या वेळीं, आणि कित्येकींस तर महिनाभर तें छळतें. मूल होण्यासहि अडथळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें मूल होण्याच्या वयांतील सुमारें १० टक्के, म्हणजे जगांत सुमारें १९ कोटि, स्त्रियांस व मुलींस हा रोग आहे.

हीं बेटें प्रथम दिसलीं तीं शवविच्छेदनाच्या टेबलावर. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकितान्स्की यांनीं आपल्या हयातींत सुमारें ३०,००० शवविच्छेदनें केलीं. १८६० सालीं त्यांनीं गर्भाशयाच्या अस्तरांतील ग्रंथि भलत्या ठिकाणीं आढळल्याचें लिहून ठेवलें, आणि या रोगाच्या पहिल्या वर्णनाचा मान सामान्यतः त्यांना देण्यांत येतो. परंतु शवाला दुखणें सांगतां येत नाहीं. रोकितान्स्की यांच्या दृष्टीनें तो गांठींचा एक प्रकार होता. जिवंतपणीं त्या गांठींनीं त्या बाईला काय भोगावयास लाविलें असेल, हा प्रश्न त्यांच्या टेबलापर्यंत पोहोंचत नव्हता.

पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत टॉमस कलेन यांनीं १८९६ पासून या गांठींचा पिच्छा पुरविला. १९०८ सालीं त्यांनीं त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९२० पर्यंत त्या शरीरांत कोठें कोठें सांपडतात याचा जवळजवळ नकाशाच तयार केला. त्या नकाशांत आंतडें होतें, आणि आश्चर्य म्हणजे बेंबीहि होती. पण गर्भाशयाच्या अस्तरासारखी वस्तु बेंबीपर्यंत जाते कशी?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग जॉन सॅम्पसन यांनीं दिला. हेहि जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. पण पुढचें आयुष्य त्यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील ऑल्बनी या शहरीं काढलें. या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत आदर वाटतो तो यांच्याविषयीं, कारण त्यांनीं केलें तें अगदीं साधें होतें. पाळीच्या सुमारास झालेल्या शस्त्रक्रियांत पोटाच्या आंत काय दिसतें, तें त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. अंडकोशांतील त्या तपकिरी गांठींना त्यांनीं आपल्या १९२१ च्या निबंधाच्या शीर्षकांतच चॉकलेटची उपमा दिली, आणि तें नांव अद्याप चालू आहे. ह्या गांठी फुटतात, आंतील द्रव आसपास सांडतो, आणि जेथें सांडतो तेथें नवीं बेटें उगवतात, असें त्यांनीं मांडलें. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं, गांठ नसली तरी पाळीचें कांहीं रक्त उलट दिशेनें, बीजवाहिन्यांच्या वाटेनें, पोटाच्या पोकळींत उतरतें आणि आपल्याबरोबर अस्तराचे कण नेतें. १९२७ च्या निबंधांत हा उलट्या प्रवाहाचा सिद्धांत त्यांनीं पूर्णपणें मांडला. एंडोमेट्रिओसिस हें नांवहि त्यांनींच दिलेलें.

सिद्धांतावर आक्षेप आले. गळून पडलेलें अस्तर म्हणजे मेलेला कचरा. तो रुजणार कसा, असें विरोधक विचारीत. १९५० सालीं स्कॉट व टी लिंड या दोघांनीं कांहीं माकडिणींच्या गर्भाशयाचें तोंड शस्त्रक्रियेनें पोटाच्या पोकळीकडे वळविलें, आणि त्यांपैकीं अनेकींत कालांतरानें रोग उद्भवला. कचरा रुजतो, एवढें ठरलें. परंतु १९८४ सालीं नवा पेंच पडला. हाल्मे व त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, ज्यांच्या बीजवाहिन्या मोकळ्या आहेत अशा ९० टक्के स्त्रियांच्या पोटांत पाळीच्या सुमारास रक्त असतेंच. म्हणजे उलटा प्रवाह जवळजवळ सर्वांस, आणि रोग मात्र दहांत एकीस. बीं सर्वत्र पडतें. एखादीच जमीन त्याला कां मानवते, याचा शोध आनुवंशिकतेंत आणि शरीराच्या प्रतिकारशक्तींत चालू आहे. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं दीर्घकाळ ईस्ट्रोजेन दिलेल्या पुरुषांतहि, फारच क्वचित्, अशीं बेटें आढळलीं आहेत. त्यांच्या बाबतींत उलटा प्रवाह कोठून आणावयाचा? पोटाच्या आंतल्या आवरणाच्या पेशीच रूप पालटून अस्तरासारख्या होत असाव्या, ही जर्मन पंडित रॉबर्ट मेयर यांची जुनी कल्पना म्हणूनच अद्याप कोणी टाकून दिलेली नाहीं.

वाद होता तो उगमाविषयीं. एका गोष्टीविषयीं मात्र वाद नव्हता. अंडकोश काढून टाकले, किंवा वयपरत्वें पाळी गेली, कीं बेटें बहुधा सुकतात. आणि गरोदरपणांत पुष्कळ स्त्रियांस आराम पडतो.

बॉस्टनचे डॉक्टर जो व्हिन्सेंट मेग्ज यांनीं हें निरीक्षण हातीं घेतलें. त्यांच्या खाजगी दवाखान्यांत येणाऱ्या सुखवस्तु घरांतील स्त्रियांत हा रोग फार आढळे. धर्मार्थ वॉर्डांतील गरीब स्त्रियांत कमी. त्यांनीं हिशेब मांडला : गरीब बाईला लवकर व पुष्कळ मुलें होतात, सुशिक्षित बाई लग्न व मूल पुढें ढकलते, अर्थात् रोगाचें कारण हें लांबविणें. १९४१ पासूनच्या आपल्या लेखांतून त्यांनीं लवकर लग्न करावें व लवकर मुलें होऊं द्यावींत, असा पुरस्कार केला. पुढें कित्येक वर्षें हा नोकरीपेशाच्या, शिकलेल्या बायकांचा रोग म्हणून ओळखला जाई.

हिशेबांत एक छिद्र होतें. त्या काळीं पोट उघडल्याशिवाय हा रोग निश्चित होत नसे, आणि दुखतें एवढ्यासाठीं एखाद्या बाईचें पोट उघडून पाहावें इतका वेळ व पैसा कोणापाशीं होता? ज्यांच्यापाशीं होता, त्यांच्यांतच रोग सांपडला. १९७६ सालीं शिकागोचे डॉक्टर डोनाल्ड चॅटमन यांनीं कृष्णवर्णी स्त्रियांसंबंधीं निबंध लिहिला. ओटीपोटाचा जंतुसंसर्ग असें ज्यांच्या दुखण्याचें निदान झालें होतें, त्यांपैकीं पुष्कळ जणींस वस्तुतः एंडोमेट्रिओसिस होता, असें त्यांना आढळलें. रोगानें श्रीमंत-गरीब असा भेद केला नव्हता. निदान करणाऱ्यांनीं केला होता. शिवाय ज्या रोगामुळें मूल होणें कठीण होतें, त्याच्या रोग्याला मूल हाच उपाय सांगणें यांतील निर्दयता कोणाच्या लक्षांत कशी आली नाहीं, याचें नवल वाटतें. बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली कीं अनेकींचें दुखणें परत येतें, ही गोष्ट निराळीच.

आतां त्याच निरीक्षणाचें दुसरें फळ. गरोदरपणांत आराम कां पडतो? नऊ महिने पाळी बंद असते, आणि प्रोजेस्टेरॉनचें प्रमाण सतत वर राहतें. मग गर्भावांचून हीच स्थिति आणतां येणार नाहीं काय? या प्रश्नाकडे डॉक्टर कांहीं ठोकरा खात पोहोंचले. १९४० च्या दशकांत पुरुषी हॉर्मोन देऊन पाहण्यांत आलें. १९४८ सालीं कार्नाकी यांनीं स्टिल्बेस्ट्रॉल हें कृत्रिम ईस्ट्रोजेन मोठ्या प्रमाणांत दिलें. या स्टिल्बेस्ट्रॉलची पुढची कथा दुःखाची आहे. गर्भपात टळावा म्हणून तें गरोदर स्त्रियांसहि देत असत, आणि त्यांच्या कांहीं मुलींत तरुणपणींच योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग उद्भवतो, असें १९७१ सालीं सिद्ध झालें.

खरी अडचण अशी होती कीं, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन महाग, आणि पोटांत घेतलें तर त्याचा गुण फारसा येत नसे. ती अडचण सुटली मेक्सिकोंत. तेथील रानांत वाढणाऱ्या एका कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवितां येतें, हें रसेल मार्कर या हेकट रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें, आणि १९४४ सालीं त्यासाठीं मेक्सिको शहरांत सिंटेक्स ही कंपनी निघाली. आपल्याकडील कोनफळ आणि करांदा हे याच कंदाचे गोतावळ्यांतले. (म्हणून कोनफळाची भाजी खाऊन पाळीचें दुखणें थांबेल असें मात्र कोणीं समजूं नये, कंदांतील द्रव्याचें हॉर्मोन होण्यास प्रयोगशाळाच लागते.) १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं याच कंपनीच्या प्रयोगशाळेंत कार्ल जेरासी यांच्या हाताखालीं लुइस मिरामोंतेस या विद्यार्थ्यानें नोरएथिस्टेरॉन तयार केलें. तोंडानें घेतलें तरी परिणाम करणारें, प्रोजेस्टेरॉनच्या गुणाचें हें द्रव्य. गणपतींत किंवा घरच्या कार्यांत पाळी पुढें जावी म्हणून जी गोळी आपल्या घरोघरीं, पुष्कळदां डॉक्टरला न विचारतांच, घेतली जाते, ती बहुधा याचीच असते. ज्या गोळीकडे आपण शिवाशिवीची सोय म्हणून पाहतों, ती जगभर या रोगावरचें औषध आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

१९५८ सालीं बॉस्टनमध्येंच रॉबर्ट किस्टनर यांनीं या वर्गांतील नवीं द्रव्यें एंडोमेट्रिओसिसच्या रोग्यांस महिनोगणती, मध्यें खंड न पाडतां, दिलीं. या उपचाराला कृत्रिम गरोदरपण असें नांव पडलें. मेग्ज ज्यासाठीं नवरा शोधावयास सांगत, तें काम किस्टनर यांनीं गोळीकडून करविलें. बाहेरून सतत मिळणाऱ्या हॉर्मोनमुळें मेंदूची समजूत होते कीं, अंडकोशास आज्ञा देण्याचें कारण उरलें नाहीं. अंडकोश विसावतो, ईस्ट्रोजेन घटतें, पाळी थांबते. आणि चुकलेलीं बेटें, आंतल्या अस्तराप्रमाणेंच, हळूहळू रोडावतात. आरंभींच्या मात्रा जबर होत्या. मळमळ, वजन वाढणें, मध्येंच रक्त जाणें यांनीं बायका त्रासून जात.

नंतर आलें डॅनॅझॉल. १९७१ सालीं रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनीं त्याचा उपयोग दाखविला, व १९७६ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. गुण येई, पण द्रव्य पुरुषी हॉर्मोनच्या नात्यांतलें. चेहऱ्यावर केंस येत, आवाज घोगरा होई, आणि आवाज कधीं कधीं पूर्ववत् होत नसे. दुखणें जावें म्हणून आवाज गमवावा, हा सौदा बायकांना मान्य झाला नाहीं यांत विशेष कांहीं नाहीं.

तिसरा मार्ग मेंदूंतून निघाला. अंडकोशाला आज्ञा देणारा जो मूळ अंतःस्राव मेंदूच्या तळाशीं उत्पन्न होतो, त्याची घडण १९७१ सालीं उलगडली. अँड्र्यू शॅली आणि रोजे गियमँ या परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनीं डुकरांचे व मेंढ्यांचे लाखों मेंदू खर्ची घालून जें संशोधन केलें, त्याबद्दल १९७७ सालीं दोघांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पण खरा चमत्कार अर्न्स्ट नोबिल यांनीं माकडिणींवर दाखविला. हा अंतःस्राव सुमारें तासातासानें, ठोक्याठोक्यानें, दिला तरच अंडकोश चालतो. अखंड धार धरली तर तो उलट बंद पडतो. दाराची कडी कोणी अधूनमधून वाजविली तर आपण उठून जातों. सारखी वाजतच राहिली तर कान बधिर करून बसतों, त्यांतलाच हा प्रकार. १९८२ सालीं मेल्ड्रम प्रभृति डॉक्टरांनीं या तत्त्वानें एंडोमेट्रिओसिसच्या रोग्यांचे अंडकोश शस्त्रावांचून निद्रिस्त केले. १९९० पासून या वर्गाचीं इंजेक्शनें अमेरिकेंत या रोगावर मान्य झालीं.

दुखणें थांबलें, पण विशी-तिशींतल्या मुलीला पाळी गेलेल्या बाईच्या व्यथा जडल्या. अंगाची आग होई, झोंप उडे, आणि हाडें विरळ होऊं लागत. यावर १९९२ सालीं बार्बिएरी यांनीं जो विचार सुचविला तो फार सुंदर आहे. प्रत्येक अवयवाची ईस्ट्रोजेनची तहान सारखी नसते. भाताला खाचरांत पाणी तुंबून लागतें, ज्वारी थोड्या ओलीवर निभावते. पाणी इतकेंच ठेवावें कीं भात वाळेल, पण ज्वारी जगेल. रोगाचीं बेटें म्हणजे भात, आणि हाडें म्हणजे ज्वारी. म्हणून अंडकोश झोंपवावयाचा आणि बाहेरून अल्प मात्रेंत हॉर्मोन परत द्यावयाचें. या पद्धतीनें हाडांची झीज पुष्कळ अंशीं आवरतां येते. २०२२ सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या एका गोळींत तर अंडकोश थांबविणारें औषध आणि हा अल्प पुरवठा दोन्ही एकत्रच आहेत.

आज सामान्यतः आरंभ होतो तो साध्या उपायांनीं : प्रोजेस्टेरॉनच्या वर्गांतील गोळ्या, ज्यांत युरोपांत २०१० च्या सुमारास आलेलें डायनोजेस्ट विशेष वापरांत आहे, दोन्ही हॉर्मोन्सची गर्भनिरोधक गोळी, किंवा गर्भाशयांत बसवून कित्येक वर्षें थोडें थोडें हॉर्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तु. कोणाला कोणतें मानवेल हें वय, रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताची गुठळी होण्याची शक्यता हें सारें पाहून डॉक्टरनेंच ठरवावयाचें. तथापि या औषधांकडून काय होत नाहीं, तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. तीं रोगाला झोंपवितात, मारीत नाहींत. बंद केलीं कीं दुखणें पुष्कळदां परततें. चिकटलेले अवयव तीं सोडवीत नाहींत. तीं चालू असतांना बहुधा गर्भ राहत नाहीं, म्हणून जिला मूल हवें तिचा मार्ग निराळा. आणि कांहीं जणींत बेटें स्वतःच ईस्ट्रोजेन तयार करतात व प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाहींत. अशा बाईला गोळीनें गुण आला नाहीं, तर तिचें दुखणें खोटें ठरत नाहीं. शस्त्रक्रियेनें बेटें काढल्यावर मात्र हींच औषधें रोग परतण्यास आळा घालतात.

राहिला प्रश्न निदानाचा. पॅरिसचे राऊल पामर आणि इंग्लंडचे पॅट्रिक स्टेप्टो यांच्या प्रयत्नांनीं पोटांत दुर्बीण घालून पाहण्याची विद्या रूढ झाली, आणि कित्येक दशकें दुर्बिणीनें पाहिल्याशिवाय रोग सिद्ध मानीत नसत. परिणाम असा झाला कीं, पहिल्या दुखण्यापासून रोगाचें नांव कळेपर्यंत वर्षांमागून वर्षें जात, आणि अनेक देशांत अजूनहि जातात. मानवी प्रजननविषयक युरोपीय संस्थेनें २०२२ सालीं आपली मार्गदर्शिका सुधारली. लक्षणांवरून संशय बळकट असेल, तर शस्त्रक्रियेची वाट न पाहतां हॉर्मोनचा उपचार सुरू करून पाहावा. सोनोग्राफीत कांहीं दिसलें नाहीं एवढ्यावरून रोग नाहीं असें म्हणूं नये, असें तींत आहे. रोग बरा व्हावा एवढ्याच हेतूनें कोणाहि स्त्रीला गरोदर राहण्याचा सल्ला देऊं नये, असेंहि तींत स्वच्छ लिहिलें आहे. मेग्ज यांच्या १९४१ च्या निबंधाला तेव्हां ८१ वर्षें झालीं होतीं.